आधी मागच्या सीटवर बसा

"ताई, नमस्कार. मी विजय नगरातल्या एका प्रॉपर्टी ऑफिसात आठ महिन्यांपासून मॅनेजर आहे. त्याआधी सहा वर्षं तिथंच एजंट होतो. सलग तीन वर्षं सगळ्यात जास्त सौदे माझे होते, म्हणून मालकांनी ही खुर्ची दिली. हाताखाली नऊ जण आहेत, दोघं पगारावर, बाकी कमिशनवर. आठ महिन्यांत पाच जण सोडून गेले, त्यांच्या जागी पाच नवे आले. रोज सकाळी दहाला मीटिंग असते. मालक स्वतः बसतात आणि एकेकाला विचारतात, काल कॉल किती, व्हिजिट किती. मुलं पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, मौक्यावर, प्रत्यक्ष जागेवर नेतात, पण सौदा कोणालाच बसवता येत नाही. शेवटी मलाच जावं लागतं. त्या सौद्यातलं अर्धं कमिशन मी घेतो, कारण काम मीच केलेलं असतं, पण त्यावरून कुजबुज चालते. दोघांबद्दल खास विचारायचं आहे. एक राजेंद्र नगरची मराठी मुलगी आहे. प्रामाणिक आहे, पण किमतीची गोष्ट निघाली की गळपटते. गेल्या महिन्यात तिनं एका पार्टीला स्वतःहून सांगून टाकलं की या कॉलनीत नर्मदेच्या पाण्याची लाइन अजून आलेली नाही, आणि सौदा फिसकटला. मालक म्हणतात, तिला काढा. दुसरा एक मुलगा सगळ्यात जास्त विकतो, पण त्याचे बरेचसे सौदे डायरीवरचे असतात. मालक त्याच्यावर खूश आहेत. या सगळ्यांना मी ट्रेनिंग कसं देऊ? का माझी माणसांची निवडच चुकली?
– एक मॅनेजर, इंदूर"

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी एका वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली: "शेवटी मलाच जावं लागतं." पाच जण का गेले, कुजबुज कशाची आहे, मुलांना सौदा का बसवता येत नाही, सगळं त्या चार शब्दांत आहे. खुर्ची बदलली, पण तुम्ही अजून एजंटच आहात. फरक एवढाच की पूर्वी तुम्ही स्वतःच्या पार्ट्यांचे सौदे बसवायचात, आता नऊ जणांच्या पार्ट्यांचे बसवता.

राग मानू नका. मीही हेच करून बसले आहे.

१९९६ साली पलासियाजवळच्या एका ब्रोकरच्या ऑफिसात मी टायपिंगला लागले. दोन वर्षांत पार्ट्यांना जागा दाखवायला लागले. तेव्हा या धंद्यात बाई म्हणजे नवलच, अर्धे लोक मला मालकाची सून समजायचे. २००४ मध्ये दुसऱ्या एका ऑफिसात मॅनेजर झाले आणि पहिल्याच महिन्यात एका नव्या मुलाबरोबर उज्जैन रोडकडचा एक प्लॉट दाखवायला निघाले. पार्टी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आणि त्यांची बायको. मुलगा गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी, ते दोघं मागे. अख्खा रस्ता मी मान मागे वळवून बोलत होते. मुलानं दोनदा तोंड उघडलं. एकदा "सर, पावसाळ्यात इथं..." एवढंच म्हणाला आणि मी त्याचं वाक्य उचलून पुढं नेलं. दुसऱ्यांदा काय म्हणणार होता ते मला आजही माहीत नाही. पंधरा दिवसांत टोकन, म्हणजे इसार, आलं. ऑफिसात पेढे वाटले, मालकांनी पाठ थोपटली.

सहा महिन्यांनंतरही तो मुलगा पार्टीनं भाव विचारला की खिशातून फोन काढायचा: "मॅडमशी बोलून घ्या ना." माझ्याकडून तो एवढीच एक गोष्ट शिकला होता, माझा नंबर लावायची. मग तो गेला. मालवा मिलकडे मोबाइल रिचार्जचं दुकान टाकलं. पुढं कधीतरी तिथं गेले तेव्हा हसत हसत म्हणाला, "मॅडम, तुमच्यासोबत असलो की मला ड्रायव्हर असल्यासारखं वाटायचं." रिचार्जचे पैसे काही घेतले नाहीत त्यानं. घेतले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी जागा बदलली. मी आता शब्दशः गाडीतल्या जागेबद्दल बोलतेय. पार्टीतला जो कोणी मुख्य असेल तो पुढं, एजंटच्या शेजारी. मॅनेजर मागे. आणि मागे बसल्यावर मॅनेजरला फक्त ओळख करून द्यायची मुभा: "मी यांच्याच ऑफिसात असते, आज सहज आले." त्यानंतर तोंड बंद. पहिल्या वेळी फार जड जातं. एजंट चुकीचा रस्ता पकडतो, पार्टीनं विचारलं एक आणि तो सांगतो दुसरंच, तुमच्या जिभेवर उत्तर तयार असतं. गिळा. सौदा गेला तर जाऊ द्या. एखाद्या प्लॉटच्या कमिशनात हे शिक्षण स्वस्तच पडतं. फक्त एका गोष्टीला मध्ये बोलायचं: तो खोटं सांगत असेल, तर. तिथल्या तिथं, पार्टीसमोर, शांतपणे दुरुस्त करायचं.

मागच्या सीटचा आणखी एक फायदा मला नंतर कळला. तिथं बहुतेक वेळा घरातली बाई बसलेली असते आणि ती खिडकीबाहेर बघत हळूच जे बोलते, ते पुढं ऐकू जात नाही. "शाळेची बस इथवर येत असेल का?" "सासूबाईंना देऊळ लागतं जवळ." साहेब पुढं चौरस फुटाचा भाव कसत असतात आणि सौद्याचा निकाल मागे लागत असतो. हे तुम्ही ऐकलं आणि एजंटनं ऐकलं नाही, मग नंतर त्याला सांगण्यासारखं काहीतरी तुमच्याकडे असतं.

ते "नंतर" कधी? त्याच दिवशी, ऑफिसात पोहोचायच्या आधी. पार्टीला घरी सोडलं की वाटेत टपरीवर थांबायचं. चहा तुमच्या खिशातून. आधी त्यालाच विचारायचं की पार्टी काय काय म्हणाली, तिच्याच शब्दांत. "पार्टी गरम आहे" हे उत्तर चालणार नाही. तो तापमापक कोणाकडेच नसतो. मग विचारायचं, तू जे जे सांगितलंस त्यातलं कागदावर काय आहे आणि तोंडी काय आहे. आणि शेवटी, पुढचा फोन कधी आणि काय सांगायला करणार. "सर, काय ठरलं?" असं विचारायला केलेला फोन पार्टी तिसऱ्या वेळी उचलत नाही. तिनं विचारलेल्या शाळेच्या बसची माहिती द्यायला केलेला फोन ती उचलते. एवढंच. भाषण देऊ नका, एका वेळी एकच चूक दाखवा. उरलेल्या चार पुढच्या वेळी.

आठवड्याला दोन व्हिजिट अशा करा. नऊ जण आहेत, म्हणजे महिना-सव्वा महिन्यात प्रत्येकाच्या मागे एकदा बसून होईल. नव्यांच्या मागे जास्त बसा.

आता कागद. आपल्या धंद्यात बोलणं शिकवणारे ढीगभर आहेत, कागद वाचायला कोणी बसवत नाही. महाराष्ट्रात महारेरानं, म्हणजे तिथल्या रिअल इस्टेट नियामक प्राधिकरणानं, २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. पुण्याला माझा भाचा या कामात आहे, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी परीक्षेला बसला, आदल्या रात्री मला फोन करून कारपेट एरियाची व्याख्या म्हणून दाखवत होता. मला हसू आलं, पण नंतर वाटलं की आमच्या काळात कोणी असं बसवलं असतं तर कितीतरी भांडणं वाचली असती. तुमच्या ऑफिसात ही परीक्षा तुम्ही घ्यायची. शनिवार-रविवार व्हिजिटचे, सोमवार फॉलोअपचा, म्हणून मंगळवार बरा. एक तास, एक टेबल, एकच फाइल. नवी नको, जुनी, झालेल्या सौद्याची.

फाइल मधोमध ठेवा आणि मुलांनाच विचारू द्या. खसरा नंबर, म्हणजे जमिनीचा सर्व्हे नंबर, कुठला, आणि भूलेखच्या, म्हणजे सरकारी जमीन नोंदींच्या, साइटवर तो उघडला तर नाव कोणाचं दिसतं? डायव्हर्शन झालंय का, की जमीन अजून शेतीचीच आहे? नगर तथा ग्राम निवेशनं, म्हणजे नगररचना खात्यानं, पास केलेल्या नकाशात हा प्लॉट दिसतो का, आणि त्याच्यासमोरचा रस्ता किती रुंद दाखवलाय? कॉलोनायझरच्या, म्हणजे कॉलनी काढणाऱ्याच्या, ब्रोशरमधला नकाशा आणि पास झालेला नकाशा शेजारी शेजारी ठेवून बघायला लावा. ब्रोशरमध्ये जिथं झाडं आणि बाक असतात, तिथं पास नकाशात कधी कधी दुसरंच काही असतं. विकास प्राधिकरणाच्या स्कीममधला प्लॉट असेल तर लीज कधीपर्यंतची, फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीचा, झालाय का. गाइडलाइनप्रमाणे, म्हणजे सरकारी दरानं, किंमत किती, आणि त्यावर रजिस्ट्रीचा खर्च साधारण किती, हे पार्टीनं विचारायच्या आधी एजंटनं काढलेलं असावं.

आणि बंधक, म्हणजे गहाण ठेवलेले, प्लॉट. हा शब्द तुमच्या नव्या पाचांपैकी किती जणांना माहीत आहे, उद्याच विचारून बघा. आपल्या मध्य प्रदेशात कॉलनी काढताना पंचवीस टक्के प्लॉट नगरपालिकेकडे किंवा त्या-त्या संस्थेकडे बंधक ठेवावे लागतात, रस्ता, ड्रेनेज, वीज ही कामं पुरी होईपर्यंत. ते सुटल्याशिवाय विकता येत नाहीत. आमच्याकडचा एक मुलगा एका कॉलनीत कोपऱ्याचा प्लॉट घेऊन आला. भाव इतका गोड की मलाच शंका आली. मी त्याला काही सांगितलं नाही. बंधक प्लॉटांची यादी काढून आणायला पाठवलं आणि म्हटलं, यातले नंबर मोठ्यानं वाच. तो वाचत गेला, अठरा, एकोणीस, बावीस, आणि एकतीसवर थांबला. परत वाचला. "मॅडम, हाच आहे." मग चहा मागवला. त्यानंतर त्या मुलानं कुठल्याही कॉलनीचा प्लॉट यादी बघितल्याशिवाय हातात घेतला नाही. मी तोंडानं सांगितलं असतं तर दोन महिन्यांत विसरला असता.

फ्लॅटांसाठी टेप. एखादा रिकामा टू बीएचके मिळवा, मुलांना मोजायला लावा. प्रत्येक खोली मोजायची, आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या सोडायच्या, बाल्कनी सोडायची, शाफ्ट सोडायचा. जे उरतं ते रेराच्या कायद्यातलं कारपेट. मग बिल्डरनं सांगितलेला सुपर बिल्टअप आकडा, म्हणजे भिंती, जिने, लिफ्ट सगळं धरून काढलेला, फळ्यावर लिहा आणि दोन्हींतला फरक त्यांच्याच हातानं काढू द्या. फरक बघून मुलांचे चेहरे कसे होतात ते लक्षात ठेवा, कारण पार्टीचाही चेहरा अगदी तसाच होणार आहे आणि तेव्हा समोर तुमचा एजंट उभा असणार आहे. ज्यानं स्वतः मोजलंय तो अशा वेळी पाय मागे घेत नाही.

पैशाच्या दोन गोष्टीही तिथंच शिकवून टाका. बिल्डर किंवा कॉलोनायझर लेखी करारनामा करून तो रजिस्टर केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. आणि जमिनीच्या सौद्यात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीनं घेणं आयकर कायद्यात बसत नाही. मुलं डिकीत रोख टोकन घेऊन फिरतात आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही, कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आता तुमच्या त्या मुलीकडे येते. तिचा सौदा फिसकटला म्हणून मालक तिला काढायला निघालेत, आणि तुम्हीही "प्रामाणिक आहे, पण" असं लिहिलंय. तो "पण" मला टोचला.

नर्मदेचं पाणी ही इंदुरात किरकोळ गोष्ट आहे का? जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून, ते पाणी उपसून आणतात. १९७८ मध्ये ते आलं तेव्हाचं माझ्या सासूबाई अजून सांगतात, नळाला हात लावून नमस्कार करणाऱ्या बायका त्यांनी बघितल्यात. बायपासच्या पलीकडच्या कितीतरी कॉलन्या आजही बोअरिंग आणि टँकरवर आहेत. प्लॉट घेणाऱ्याला हे एप्रिल-मेमध्ये कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. तिनं सांगितलं नसतं तर त्या पार्टीनं रजिस्ट्री केली असती, आणि पहिल्याच उन्हाळ्यात तुमच्या ऑफिसचं नाव घेऊन नातेवाइकांच्या लग्नात काय काय सांगितलं असतं. आपल्या मराठी मंडळींत तर विचारूच नका. लोकमान्य नगरात सकाळी झालेली गोष्ट संध्याकाळी सुदामा नगरात पोचते.

तिची चूक असलीच तर ती सांगण्याच्या पद्धतीत असेल. "नर्मदेची लाइन नाही" एवढंच म्हणून ती गप्प बसली असेल, आणि त्या गप्प बसण्यात पार्टीला वाटलं असेल की अजूनही बरंच काही लपलंय. तेच असं सांगता येतं: "सध्या इथं दोन बोअरिंग आहेत, टाकी एवढ्या लिटरची आहे, उन्हाळ्यात टँकर लागतो का ते शेजारच्या दोन घरांना आपण आत्ताच विचारू. नर्मदेची लाइन अजून आलेली नाही, कधी येईल ते मी छातीठोक सांगणार नाही. भावात हे धरलेलं आहे." सगळं खरं, आणि पार्टीला विचार करायला काहीतरी हातात. असं सांगूनही सौदा गेला तर ती जागा त्या पार्टीची नव्हती. दुसरी दाखवा. या मुलीची पार्टी दुसरी जागा बघायला तिच्याकडेच येईल. तिला फोन करून बघायला सांगा, मला वाटतं ती पार्टी अजून गेलेली नाही.

किंमत सांगताना गळपटते, त्याचं थोडं कारण आपल्या घरांत आहे. इंदूरच्या मराठी घरात मुलगी बँकेत लागली की पेढे, शाळेत लागली की पेढे, आणि प्रॉपर्टीत लागली की "सध्या काहीतरी करतेय." पैशाचा आकडा मोठ्यानं उच्चारणं आपल्याला जरा असभ्यच वाटतं. तिला सराव द्या. तुम्ही पार्टी व्हा, अगदी सराफ्यातल्या शेटजींसारखे, "अरे भिया, ये तो बहुत ज्यादा है" म्हणणारे. तिनं भाव सांगायचा आणि मग गप्प बसायचं. तुम्ही कितीही तोंड वाकडं केलंत तरी दहा आकडे मनात मोजेपर्यंत बोलायचं नाही. गळपटणारी माणसं भाव सांगून झाल्यावर घाबरून स्वतःच बोलायला लागतात आणि स्वतःच भाव उतरवतात. रोज पाच मिनिटं, दार लावून, बाकीच्यांसमोर नाही. महिन्यात फरक दिसेल.

डायरीवाल्याबद्दल मात्र माझ्याकडे सरावबिराव काही नाही.

वाचकांपैकी ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. कॉलनीला अजून परवानग्या नाहीत, रेराचा नंबर नाही, काही वेळा जमीनही पुरती ताब्यात नाही, तेव्हा कॉलोनायझरचा माणूस एका डायरीत प्लॉट नंबर आणि आलेली रक्कम लिहून देतो. तीच पावती. मग ती डायरी दुसऱ्याला चढ्या भावानं विकली जाते, तो तिसऱ्याला विकतो, प्रत्येक हातात एजंटचं काहीतरी सुटतं. परवानगी अडकली की शेवटच्या हातात राहते ती डायरी. इंदुरात या डायऱ्या घेऊन कलेक्टर ऑफिसच्या जनसुनावणीला लोक उभे राहिलेले आहेत. २०१६ च्या रेरा कायद्यात हे सरळ बसत नाही. ज्या प्रोजेक्टला नोंदणी लागते, तो नोंदणीशिवाय विकायचा नाही, त्याचं बुकिंग घ्यायचं नाही, जाहिरातही करायची नाही. एजंटला अशा प्रोजेक्टची विक्री करून देता येत नाही. आणि जो एजंट हे मोडेल त्याला रोजचे १०,००० रुपये दंड होऊ शकतो, वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत.

हा दंड कोणाच्या डोक्यावर येईल, मुलाच्या की ऑफिसच्या, यावर तुमचे मालक वकिलाशी बोलतीलच. पण तुमची एक गोष्ट तपासून घ्या. कमिशनवर फिरणाऱ्या त्या सात जणांची स्वतःची रेरा नोंदणी आहे का? "ते आमचे कर्मचारी नाहीत" असं म्हणून ऑफिस मोकळं होतं, पण मग कायद्याच्या व्याख्येत ते स्वतःच एजंट ठरतात, आणि नोंदणीशिवाय एजंटला काम करता येत नाही. तुम्ही मॅनेजर आहात, हे तुमच्या पहिल्या महिन्यातलं काम होतं. ते राहिलं असेल तर या महिन्यात करा.

त्या मुलाला एकदा समोर बसवून, लेखी, सांगा की इथून पुढं डायरीचा एकही सौदा या ऑफिसातून होणार नाही. हुशार आहे, तर नोंदणी झालेल्या कॉलन्याही विकेल. नाही म्हणाला तर जाऊ द्या. त्या महिन्याचा आकडा पडेल, मालक चार दिवस बोलणार नाहीत. मालकच ऐकत नसतील, तर तुमच्यापुढचा प्रश्न ट्रेनिंगचा उरत नाही, तुम्हीच दुसरीकडे बघायला लागा. हे मी सहज म्हणत नाहीये. मी एक ऑफिस याच कारणानं सोडलंय आणि चार महिने घरी बसलेय.

कमिशनबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण सगळ्यात जास्त आग तिथं आहे. एजंटच्या सौद्यातलं अर्धं तुम्ही घेता, म्हणजे तो शिकला तर तुमचं उत्पन्न कमी होणार. असं गणित असताना कोण कोणाला मनापासून शिकवेल? तुम्ही वाईट आहात असं नाही, गणितच वाईट आहे. मालकांकडे जा आणि पगार अधिक पूर्ण टीमच्या एकूण व्यवसायावर काही टक्के असं मागा. एजंटच्या सौद्यातला वाटा सोडून द्या. पहिले तीन-चार महिने खिसा हलका होईल, बायकोला आधी सांगून ठेवा. आणि ऑफिसला येणाऱ्या चौकश्या, म्हणजे फोन, पोर्टलवरून येणारी नावं, कोणाला कधी दिली ते एका फळ्यावर सगळ्यांसमोर लिहा. तुम्ही स्वतःसाठी एकही ठेवायची नाही. जुनी ओळखीची पार्टी तुमच्याच नावानं आली तरी ती कोणा एकाकडे सोपवा आणि तुम्ही, माहीत आहे ना, मागच्या सीटवर.

त्या गेलेल्या पाच जणांना फोन केलात का? करा. "का सोडलं" असं विचारू नका, कोणी खरं सांगणार नाही. "महिन्याला पेट्रोल किती जायचं तुझं?" असं विचारा, मग बघा किती बोलतात. कमिशनवरच्या मुलाचं पहिलं कमिशन हातात यायला सहज तीन-चार महिने लागतात. पार्टी शोधायची, मग टोकन, बँकेचं लोन, मग रजिस्ट्री, आणि त्यानंतर बिल्डर देईल तेव्हा. तोवर राऊ ते सुपर कॉरिडॉर रोजच्या फेऱ्या त्याच्या स्वतःच्या पेट्रोलवर. दोन महिन्यांनी घरचे विचारतात, तिसऱ्या महिन्यात तो कॉल सेंटरला जातो. माझ्या अनुभवात नव्या मुलांचं निम्मं गळणं पेट्रोलवर झालेलं आहे. पहिल्या चार महिन्यांचं पेट्रोल आणि मोबाइल ऑफिसनं द्यावं, नंतर त्याच्या कमिशनमधून हप्त्यानं वळतं करावं. मालकांशी भांडायचंच असेल तर यावर भांडा.

दहाच्या मीटिंगचं काय करायचं, तेही जाता जाता. मालकांना आकडे हवे असतात, ते त्यांना कागदावर द्या, त्यांच्या केबिनमध्ये. मीटिंगमध्ये एकानं एकच व्हिजिट सविस्तर सांगायची, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. कालच्या चाळीस कॉलपैकी एकोणचाळीस "बाद में करना" म्हणून कापले गेले असतील, तर "चाळीस" ऐकून कोणाला काय मिळालं? मुलं तर आकडा भरायला आपल्याच मामेभावांना कॉल करतात. मी केलेत.

निवड चुकली का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. नऊ जणांपैकी तुम्ही किती जणांना प्रत्यक्ष काम करताना, मध्ये न बोलता, बघितलंय? माझा अंदाज, एकालाही नाही. मग आत्ताच कसं ठरवणार? आधी बघा. तीन महिन्यांनी परत लिहा, तेव्हा निवडीवर बोलू.

या शनिवारी कोणाबरोबर जाणार ते आजच ठरवा. मी म्हणेन, त्या मुलीबरोबरच जा, मालकांनी काही करायच्या आत. आणि मागे बसताना पाण्याची बाटली जवळ ठेवा. बोलावंसं वाटलं की एक घोट घ्यायचा. मी पहिल्या दिवशी, राऊला पोचेपर्यंत, दोन बाटल्या संपवल्या होत्या.